गिलावा माझा, वीट त्यांची

"हे तुमच्या श्वासाचं पाणी आहे, मिसेस टॅन्सली," तो मुलगा म्हणाला.

मुलगा म्हणजे असेल तिशीचा, पण माझ्या वयाला सगळेच मुलगे वाटतात. गृहनिर्माण संस्थेकडून पाहणीला आला होता, नाव कॅलम. बूट दाराशी काढून नुसत्या मोज्यांवर आत आला तेव्हाच मला तो आवडला होता. निजायच्या खोलीत कालव्याकडच्या भिंतीवर कपाटामागून वर चढत गेलेली काळपट ओल मी त्याला दाखवली. त्यानं खिशातून दोन टोकांचं एक यंत्र काढून भिंतीला टेकवलं. ते चिरकलं. मग त्यानं भिंत सोडून खोलीकडे पाहायला सुरुवात केली. हीटरवर वाळत टाकलेला माझा झगा, खिडकीच्या फळीवरचा चहाचा कप, पलंग. पलंगाकडे जरा जास्तच वेळ. "माणूस झोपेत सारखा श्वास सोडत असतो," तो समजावून सांगू लागला, "त्यात किटली आली, आंघोळ आली, ओले कपडे आले. ती सगळी वाफ थंड भिंतीवर जाऊन बसते. बहुतेक घरांत हेच निघतं."

"मी एकटी राहते हो इथं. एका म्हातारीचा श्वास तो केवढा!"

तो हसला आणि मीही हसले. आमच्याकडे तोंडावर कुणी काही बोललं की आधी हसायचं असतं. राग मागाहून येतो, एकटं असताना, भांडी विसळताना. तसा तो आलाच. नळाखाली कप धरून मी उभी होते आणि मला एकदम वाटलं, हा पोरगा मला माझ्याच घरात फार मोठ्यानं जगते म्हणून बोलून गेला.

माझंच घर, असं म्हणायची सवय आहे म्हणून म्हणते. ते पुरतं माझं कधीच नव्हतं. माझा नवरा क्लिफ निवृत्त झाला तेव्हा आम्ही लीड्समधल्या या इमारतीत भागीची मालकी घेतली होती. चाळीस टक्के घर आमचं, बाकीचं संस्थेचं, आणि त्या बाकीच्याचं भाडं आम्ही भरायचं. क्लिफला याची भारी गंमत वाटे. पाहुणे आले की तो त्यांना हाताला धरून फिरवायचा: "हे स्वयंपाकघर आमचं, न्हाणीघर त्यांचं. पलंगाची एनिडची बाजू त्यांची, म्हणून तर मी तिच्याशी इतका अदबीनं वागतो." आणि करार पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा जेवणाच्या टेबलावर चष्मा कपाळावर सरकवून तो म्हणाला होता, "ऐक गं. भिंतीच्या आतला गिलावा आपला आणि त्यामागची वीट त्यांची. छप्पर त्यांचं, जिना त्यांचा, बाहेरची सगळी भिंत त्यांची. डागडुजी तेच करणार. आणि त्या डागडुजीचा सगळा खर्च मेंटेनन्स म्हणून आपण सगळ्या बिऱ्हाडांनी भरायचा. चाळीस टक्के नव्हे हां, सगळाच्या सगळा." मी त्याला विचारलं, मग मालक म्हणून ते काय करणार? क्लिफनं थोडा विचार केला. "मालक असणार," तो म्हणाला, आणि बटाट्यावर लोणी फासायला लागला. तेव्हा आम्ही खूप हसलो होतो. भिंत नवीन होती, क्लिफ धडधाकट होता, आणि गिलावा कुठे संपतो नि वीट कुठे सुरू होते हे आपल्याला कधी पाहावं लागेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

जाताना कॅलमनं साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी खोलीतल्या फळीवर ठेवली. हवेतली ओल ती सतत मोजत राहणार होती. "तुम्ही नेहमीसारखं राहा," तो बूट घालता घालता म्हणाला, "काहीही वेगळं करू नका. मी येऊन घेऊन जाईन." पण असल्या डबीसमोर नेहमीसारखं कोण राहू शकेल? मी तिच्याकडे पाठ करून कपडे बदलू लागले. पहिल्या सकाळी किटली ठेवली आणि वाफेची शेपटी वर जाताना पाहून बंदच केली. भर फेब्रुवारीत खिडकी उघडी टाकून मी अंगात कोट घालून आतल्या खोलीत बसू लागले. बटाटे उकडणं सोडलं, सूप सोडलं, थंड हॅम आणि पावावर राहू लागले. धुतलेले कपडे पिशवीत भरून कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीतल्या यंत्रात वाळवून आणायचे. आंघोळीला तरणतलावावर जायचे, म्हाताऱ्यांची वेळ असते तेव्हा, आणि तिथल्या फवाऱ्याखाली निर्धास्त उभी राहायचे. ती वाफ महापालिकेची, तिचा हिशेब माझ्याकडे कुणी मागणार नव्हतं. बिछान्यात पडले की तोंड दाराकडे करायचे, म्हणजे श्वास खोलीबाहेर जाईल. कधी कधी तर मी तो धरूनच ठेवायचे, लहानपणी पाण्याखाली धरायचो तसा, आणि मग असह्य होऊन सोडला की वाटायचं, एवढा मोठा सुटला, डबीनं टिपलाच असणार.

आणि असा श्वास धरून पडलेली असताना मला क्लिफचा श्वास ऐकू यायचा. त्याच्या शेवटच्या हिवाळ्यात त्या खोलीत दुसरं काही नव्हतंच. प्राणवायूची नळी, तिचं घुमणारं यंत्र, आणि दर श्वासाला एखादं जड टेबल फरशीवरून ओढल्यासारखा आवाज. खिडकी उघडायची सोय नव्हती, त्याला वारा सोसत नसे. गरम पाण्याची भांडी, ओले टॉवेल, माझी सततची किटली, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या छत्र्या. समोरच्या दारातली ग्वेन्डा रोज संध्याकाळी येऊन बसायची, म्हणजे तिसरा श्वास तिचा. इतकी माणसं त्या खोलीत इतके श्वास सोडत होती आणि भिंत कोरडी ठणठणीत होती. मी तिला टेकून बसायचे, माझ्या पाठीला आठवते ती. मग तो गेला, मी एकटी उरले, आणि भिंतीला घाम फुटला. हे मी कॅलमला कसं सांगणार होते? त्याच्या यंत्राला मागचं मोजता येत नाही.

पण खरा डंख आणखी जुना होता. कॅलम ते वाक्य बोलला तेव्हाच मला दुसरा एक आवाज ऐकू आला होता, मि. सग्डेन यांचा. लहानपणी आम्ही गल्लीच्या टोकाच्या भाड्याच्या घरात राहत होतो. पाठीला पाठ लावून बांधलेली ती घरं, मागची भिंत मागच्या घरवाल्यांशी सामाईक, मागे खिडकी नाही की दार नाही. आमचं टोकाचं म्हणून एक बाजू उघडी, आणि त्याच बाजूला माझा भाऊ रॉनी नि मी झोपायचो. ती भिंत बाराही महिने ओली. भाड्यासाठी शुक्रवारी मि. सग्डेन यायचे, टोपी न काढता, आणि आई कमरेचा एप्रन हातात चुरगाळत भिंतीबद्दल सांगायची. ते म्हणायचे, "मिसेस फर्थ, चूल पेटवता पण खिडकी उघडत नाही. कपडे आत वाळवता. भिंतीला काय करायचं? घर ठेवण्याची एक रीत असते." रीत! माझी आई दाराची पायरी दगडानं घासून पांढरी करायची. तरी तिनं ते ऐकून घेतलं. नुसतं ऐकलं नाही, तिला ते पटलं. दर शनिवारी सोडा घातलेल्या पाण्याची बादली घेऊन ती भिंत धुवायची, वरून खाली, ओठ आवळून, आपलंच काही लाजिरवाणं पुसत असल्यासारखी. रॉनी खोकला की ती आमच्याकडे पाहायची नाही, भिंतीकडे पाहायची. शेजारणी आल्या की खोलीचं दार ओढून घ्यायची.

पुढे ती सगळी गल्ली पाडली. मी नोकरीला लागले होते, आई आणि मी पाव आणायला निघालो होतो, आणि रस्त्यावर लोक उभे राहून बघत होते म्हणून आम्हीही थांबलो. आमचं घर अर्धं उभं होतं. आमच्या निजायच्या खोलीचा निळा रंग उघड्यावर आला होता, आणि तिच्या मागे, विटांच्या आत, छपरापासून खालपर्यंत पाण्याचा एक फुटका नळ होता. त्याच्या भोवतीच्या विटा हिरव्यागार झाल्या होत्या, शेवाळ चांगलं दोन बोटं जाड. किती वर्षांचं छपराचं पाणी त्या भिंतीच्या पोटात जात होतं कोण जाणे. आई बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल, मि. सग्डेनना शिव्या तरी देईल. ती म्हणाली, "चल, ताजे पाव संपतील." त्यानंतर मरेपर्यंत तिनं त्या भिंतीचा विषय काढला नाही, आणि मीही काढला नाही. मला आता वाटतं, मी काढायला हवा होता. तुझा दोष नव्हता, एवढंच म्हणायचं होतं. पण ती एवढ्या शनिवारांचं काय करणार होती?

कॅलम आला तेव्हा मी पार गारठलेली होते. त्यानं डबी आपल्या फोनला जोडली आणि भुवया वर केल्या. "तुम्ही इथं राहत होतात ना?" तो म्हणाला. "इतकी कोरडी हवा मी आमच्या गोदामातसुद्धा पाहिलेली नाही." मग त्यानं भिंतीला यंत्र लावलं. ते मागच्यापेक्षा जोरात चिरकलं. तो कपाटामागे वाकला, भिंतीवर बोटांनी ठोकलं, खिडकीतून अंग बाहेर काढून वर पाहिलं, आणि उभा राहून म्हणाला, "हे तुमचं नाही, मिसेस टॅन्सली. बाहेरची भिंत पाणी पिते आहे. वरपासून."

शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा मला आनंद झाला. मी लगेच किटली ठेवली, झाकण उघडंच टाकून, आणि दोघांसाठी चहा केला. चहा पिता पिता तो पुढचं सांगत गेला, आणि माझा आनंद कपातल्या चहासारखा खाली खाली जाऊ लागला. कालव्याकडची सगळी भिंत उकरावी लागणार. तळापासून छपरापर्यंत परांची बांधावी लागणार. सगळ्या बिऱ्हाडांना आधी तशी सूचना जाणार, आणि मग खर्च मेंटेनन्समधून.

"म्हणजे आमच्याकडूनच."

"सगळ्यांकडून. तसा करारच आहे."

"वीट तुमची आणि खर्च आमचा? मग ती तुमची कशी हो?"

"मी फक्त ओल मोजतो," तो म्हणाला. पण जरा ओशाळला. मग त्यानं सांगितलं की कामाची सुरुवात माझ्याच खोलीतून करावी लागेल, आतून फोडून नेमकं कुठं पाणी शिरतं ते बघायला. आणि गिलावा माझा असल्यामुळे मी हो म्हटल्याशिवाय त्यांना हात लावता येणार नाही. माझा होकार आला की मगच बाकी सगळं, सूचनासुद्धा. "विचार करून फोन करा," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्या घरातलं काही तरी पहिल्यांदाच पूर्णपणे माझ्या हातात आलं होतं, आणि ते म्हणजे बोटभर जाडीचा गिलावा.

मी तशीच समोर ग्वेन्डाकडे गेले. ग्वेन्डा मूळची वेल्सची, स्वॉन्सीची. आमची दारं समोरासमोर. दुपारचा चहा आम्ही एकमेकींकडेच घ्यायचो, एक दिवस तिच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. क्लिफ गेला त्या पहाटे मी आधी तिचं दार वाजवलं, मग डॉक्टरांना फोन केला. ती आता आपला भाग विकून लेकीजवळ राहायला जाणार होती. नातवंडं मोठी व्हायच्या आत जायचं, असं तिचं चाललं होतं. गिऱ्हाईक ठरलं होतं, वकिलांची पत्रं चालू होती, अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं. मी उत्साहानं सगळं सांगितलं, डबीचं, गोदामाचं, वरून येणाऱ्या पाण्याचं. तिनं कप बशीत ठेवला.

"तुझा श्वास असता तर किती बरं झालं असतं गं, एनिड."

मला आधी ती चेष्टा वाटली. पण ती हसत नव्हती.

"आता ती सूचना निघाली की माझं गिऱ्हाईक पळालं समज. एवढा खर्च डोक्यावर येणार म्हटल्यावर कोण घेईल? दुसरं मिळेपर्यंत मी इथंच कुजणार."

"मग काय करू म्हणतेस?"

"काही करू नकोस. तेच तर म्हणते. त्याला फोन करायची घाई करू नकोस, बास. मी जाईपर्यंत. तुला काही खोटं बोलायचं नाहीये, नुसतं बोलायचं नाहीये." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "इतके दिवस ओली होती, आणखी थोडे दिवस राहील. भिंतच आहे ती."

मी बरं म्हटलं. त्या हातानं माझ्या नवऱ्याचे ओठ ओले केले होते. नाही म्हणायला शब्द कुठून आणणार?

त्यानंतरच्या दिवसांत खरं तर मी सुखात असायला हवी होते. किटली पुन्हा वाफाळत होती, मटणाच्या रश्शात पिठाचे गोळे शिजत होते, झगा हीटरवर परत आला होता. खिडकीच्या काचा धूसर झालेल्या बघून मला घरी आल्यासारखं वाटायचं. पण बोलायचं नाही असं ठरवलेलं माणूस आतून किती बडबडतं ते मला तेव्हा कळलं. जिन्यात कुणी भेटलं की मी हवामानाबद्दल नको तितकं बोलू लागले. ग्वेन्डाकडे चहाला गेले की आम्ही दोघी स्वॉन्सीचा समुद्र, नातवंडांचे दात, पडद्यांची मापं असलं काही बोलत बसायचो, आणि मधल्या एका जागेला वळसा घालून जायचो, वाटेत झोपलेलं कुत्रं असावं तसा. ओल कपाटाच्या वर दिसू लागली. मी कपाट सरकवलं. ती बाजूनं दिसू लागली. मग एकदा मी भानावर आले तेव्हा माझ्या हातात फडका होता, पायाशी बादली होती, आणि मी भिंत वरून खाली पुसत होते, ओठ आवळून. वार कुठला होता ते मी मुद्दाम आठवलं नाही. आईला निदान ठाऊक नव्हतं. मला तर एका माणसानं घरी येऊन, बूट काढून, सांगितलं होतं की हे माझं नाही. आणि तरी मी ते पुसत होते.

एका दुपारी एक मुलगी आली. मी कचरा टाकून जिना चढून येत होते, ग्वेन्डाचं दार उघडं होतं, आणि दारात बस-ड्रायव्हरच्या गणवेशातली एक ठेंगणी, गोबऱ्या गालांची पोर मोजपट्टी गुंडाळत उभी होती. "ही ब्रायोनी," ग्वेन्डा म्हणाली, जरा भरभर, "माझ्या जागी हीच येणार. आणि ही आमची एनिड. हिच्यासारखी शेजारीण मिळायला नशीब लागतं हो."

ब्रायोनीनं माझा हात हातात घेतला. "बरं झालं भेटलात. मला इथल्याच कुणाला तरी विचारायचं होतं. घर दाखवणारे काय, सगळं चांगलंच सांगतात." ती हसली. "इमारत कोरडी आहे ना? आम्ही सध्या जिथं राहतो ना, तिथं कपाटात ठेवलेले मुलीचे कपडेसुद्धा ओले निघतात. सारखी खोकते ती. घरमालक म्हणतो, तुम्हीच नीट राहत नाही. असेल बाई, मी बाहेरच असते दिवसभर."

तक्रार करण्यासारखं काही नाही. हे वाक्य माझ्या जिभेवर आलंच होतं. आयुष्यभर आम्ही तेच म्हणत आलो आहोत, पाय मोडलेला असताना, नवरा दवाखान्यात असताना, कुणी कसं काय विचारलं की तेच. ते खोटंही नसतं, ते नुसतं दार ओढून घेणं असतं. ग्वेन्डा माझ्याकडे पाहत नव्हती. दाराजवळच्या कुंडीतलं एक वाळकं पान ती खुडत होती, आणि ते खुडून झाल्यावर दुसरं, हिरवं, खुडू लागली. मी ब्रायोनीकडे पाहिलं. 'असेल बाई' म्हणताना तिची मान जरा खाली गेली होती, तेवढीच, आणि ती मान मला ओळखीची होती.

"आत या जरा," मी म्हटलं.

तिला निजायच्या खोलीत नेलं. कपाट मला एकटीला हलेना, तिनं खांदा लावला. ढकलून झाल्यावर मी बाजूला झाले. तिनंच पुढे होऊन भिंतीवर तळवा ठेवला, मग दुसरा. आजारी मुलाच्या कपाळाला लावतात तसा. खाली कालव्यावरून एक बोट फटफटत गेली.

"हे कशानं?" तिनं विचारलं.

"बाहेरच्या भिंतीतून येतं. माझ्या राहण्यानं नाही. संस्थेच्या माणसानं मोजून सांगितलंय."

"आणि खर्च?"

"सगळ्या बिऱ्हाडांवर बसणार. तुमच्यावरही."

तिनं हात पँटला पुसले. चिडली नाही, की आभारही मानले नाहीत. "मला घरी बोलायला लागेल," म्हणाली, आणि दारात उभ्या असलेल्या ग्वेन्डाच्या बाजूनं अंग चोरून निघून गेली. जिन्यावर तिचे जड बूट खालपर्यंत वाजले.

ग्वेन्डा खोलीत आली नाही. त्या भिंतीकडे तिनं पाहिलंही नाही, क्लिफच्या बाजूच्या उशीकडे पाहिलं. "रोज येऊन बसायचे मी इथं," ती म्हणाली.

"मला माहीत आहे गं."

"माहीत आहे," ती म्हणाली. मग वळली, आमच्या दारांमधला बोळ ओलांडून गेली आणि दार लावून घेतलं, अगदी हलक्या हातानं, कडी वाजू न देता. आपटलं असतं तर मी तिच्या मागे जाऊ शकले असते.

चहाची वेळ होऊन गेल्यावर मी कॅलमला फोन केला. तो गाडीत होता, आवाज तुटत होता. मी मोठ्यानं म्हटलं, "मी टॅन्सली बोलतेय. गिलावा फोडा."

"नक्की ना? नंतर मागे फिरता येणार नाही."

"नक्की."

"छान. पण त्या खोलीत तुम्हाला झोपता यायचं नाही, मिसेस टॅन्सली. धूळ फार उडते, तुमच्या वयाला बरी नाही. थोडे दिवस दुसरीकडे राहावं लागेल. जवळपास कुणी आहे का तुमचं?"

मी फोन कानाला धरून बोळात येऊन उभी राहिले. समोरच्या दाराखालच्या फटीत उजेड होता, आणि त्या उजेडात दोन पावलांची सावली, न हलणारी.

"मिसेस टॅन्सली? कुणी आहे का?"

"विचारून बघते," मी म्हटलं.